वय विचारलं तर

चिकलठाण्यातल्या त्या शेडचं पत्र्याचं दार सरकलं आणि तापलेल्या रबराचा वास अंगावर आला. मी दारातच थांबले. मागून कामगार अधिकारी मॅडम म्हणाल्या, "ताई, चला ना आत." पण पाय उचलेना. सतरा वर्षांनी तो वास भेटत होता. जळकट, थोडा गोडसर, गंधकाचा. एकदा जिभेच्या मुळाशी बसला की पाण्यालाही तीच चव येते.

आम्ही सगळे साध्या कपड्यांत होतो. मी पोलीस शिपाई. मुलांची सुटका करायची असली की पथकात एक बाई पोलीस लागते, म्हणून माझी ड्युटी लागलेली. भर दुपारची वेळ होती. आमच्यातला एक जण मागच्या भिंतीकडे धावला, कारण अशा शेडना मागून एक वाट असतेच. हे सकाळी मीच सांगितलं होतं. तुम्हाला कसं माहीत, असं कुणी विचारलं नाही.

माझी शेड ही नव्हती. ती पाडून तिथं आता घरं झाली आहेत, गच्चीवर कपडे वाळत असतात. पण पत्रा तसाच, साच्यातून निघालेल्या काळ्या रिंगांचे ढीग तसेच, आणि रबर एकमेकांना चिकटू नये म्हणून भुरभुरलेली ती पांढरी पावडरही तशीच.

मी अकरा वर्षांची होते. आम्ही धनगर. बा मेंढरं घेऊन जालन्याकडं गेला की महिनोन् महिने यायचा नाही. माय मला घेऊन चिकलठाण्याच्या एका वस्तीत राहायची आणि वसाहतीत मिळेल त्या कंपनीत झाडलोट करायची. मी शेडमध्ये बसायचे. साच्यातून रिंग निघाली की तिच्या कडेला कांद्याच्या पापुद्र्यासारखं जादा रबर राहायचं. ते अर्ध्या ब्लेडनं गोल फिरवून काढायचं. मोठ्या गाडीच्या कुठल्याशा भागात ती रिंग बसते, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. कुठली गाडी, कुणाची, ते कधी कळलं नाही.

माझ्या शेजारी नजमा बसायची. माझ्याच वयाची, तिसरीपर्यंत शिकलेली, डाव्या हातानं ब्लेड चालवणारी. मी उजव्या हाताची. त्यामुळं आमची कोपरं एकमेकींना लागायची नाहीत आणि आम्ही अगदी खेटून बसायचो. वाया गेलेल्या रिंगा ती मनगटात घालायची आणि हात हलवून म्हणायची, "देख, बांगड्या. आवाज नहीं करते." खरंच, रबराच्या बांगड्या वाजत नाहीत. ईदच्या दुसऱ्या दिवशी ती शीरखुर्मा आणायची. झाकण उघडलं की त्या काळ्या वासात वेलचीचा वास शिरायचा आणि घडीभर दोन्ही वास एकमेकांशी झगडत राहायचे. नागपंचमीला मायनं मेंदी लावून दिली तर बोटांच्या टोकांवर ती दिसेचना. चुलीतली राख, माती, रॉकेल, कशानंच नखांतलं काळं जायचं नाही.

उन्हाळ्यात पत्रा तडतडायचा. थंडीत मात्र साच्याजवळची जागा मिळावी म्हणून आम्ही पळत यायचो, कारण तिथली फरशी उबदार असायची. आणि विमान. विमानतळ जवळ, त्यामुळं विमान इतकं खालून जायचं की पत्र्यावरची धूळ आत गळायची. विमान आलं की हातातलं ब्लेड खाली ठेवून वर बघायचं, हा आमचा हक्क होता. वर पत्राच दिसायचा. तरी सगळ्या पोरी माना वर करून, आवाज विरेपर्यंत.

हा हक्क आम्हाला शांतामावशीनं दिला होता. ती आमची मुकादम. रिंगा वाटायची, मोजून घ्यायची, आपल्या भाकरीतली चतकोर मला मोडून द्यायची. बोट कापलं तर स्वतःच्या लुगड्याची चिंधी फाडून बांधायची. आणि रोज सकाळी ब्लेड हातात द्यायच्या आधी, शाळेत प्रार्थना घेतात तशी, आमच्याकडून घोकून घ्यायची.

"वय विचारलं तर काय सांगायचं?"

"पंधरा!"

"जन्म कधीचा विचारलं तर?"

"मायला ठाऊक!"

"शाब्बास गं बायांनो."

चौदाच्या आतलं पोर कामावर दिसलं तर सरकार पकडून नेतं, हा कायदा आम्हाला असा पाठ झाला. कायदा कुणासाठी आहे ते नव्हतं कळलं. आम्हाला वाटायचं, गुन्हा आमचा आहे. माय म्हणायची, "त्येंनी नेलं तर परत देत नायत पोरीला." रात्री कुशीवर वळतानासुद्धा ती हेच बोलायची.

फाटकावरून कुणी ओरडलं, "पाव्हणे आले!" की आम्ही लहान पोरी मागच्या भिंतीतल्या भोकातून बाहेर. पलीकडं बाभळी. त्यांच्या आडोशाला एकमेकींचे गुडघे धरून बसायचं. आतून खुर्ची ओढल्याचा आवाज, कपबशांचा आवाज, हसणं. एकदा नजमाला उचकी लागली. मी तिच्या तोंडावर हात दाबला तेव्हा माझ्या हाताचा रबराचा वास तिच्या नाकात गेला आणि तिचे डोळे पाण्यानं भरले. ती हलली नाही. पाव्हणे गेले तेव्हा तिच्या गालावर माझी पाच काळी बोटं उमटलेली होती.

एका दुपारी कुणी ओरडलंच नाही. फाटकाकडून न येता एक किडकिडीत माणूस बाभळींकडून चालत आला आणि त्या भोकातूनच आत वाकून शिरला. खांद्याला कापडी पिशवी, पायात धुळीनं भरलेल्या चपला. शांतामावशी उठून उभी राहिली. तो सरळ आमच्यासमोर येऊन उकिडवा बसला.

मला म्हणाला, "बाळा, वय किती तुझं?"

"पंधरा."

मी उंच होते, लांब पायांची. तरी तो माझ्याकडं बराच वेळ बघत राहिला. मग नजमाकडं वळला. "आणि तुझं?"

नजमानं माझ्याकडं पाहिलं. मग त्याच्याकडं. मनगटातल्या रिंगा तिनं एकेक काढून खाली ठेवल्या.

"ग्यारह," ती म्हणाली. "ये बी ग्यारह की है साब. हम दोनों बराबर के हैं. हमकू इस्कूल जाना है."

शेडमधलं यंत्र चालू होतं, तरी मला काहीच ऐकू येईना. कामगार खात्याचे ते साहेब माझ्याकडं वळले. "खरं का बाळा?"

मायचा आवाज कानात होता. परत देत नायत. मी मान हलवली. "नाय. मी पंधराची हाय. ती खोटं बोलती."

ती खोटं बोलती. एवढं सांगायची गरज नव्हती. कुणी विचारलंही नव्हतं.

नजमाला त्यांनी नेलं. जीप येईपर्यंत ती भिंतीला टेकून उभी होती. ती रडली नाही, माझ्याकडं पाहिलंही नाही. फक्त हात ओढणीला पुसत होती, पुन्हा पुन्हा, जणू जायच्या आत स्वच्छ व्हायला हवेत.

चार-पाच दिवसांनी तेच साहेब आमच्या घरी आले. त्याआधी सकाळीच शांतामावशी एक कागद देऊन गेली होती. कुठल्याशा डॉक्टरचा शिक्का, खाली सही, आणि मधे लिहिलेलं : अंदाजे वय पंधरा. त्या डॉक्टरला मी कधी पाहिलं नव्हतं. साहेब दारात बसले. ते सांगू लागले, मालक म्हणतो, नजमा कामावर नव्हतीच, ती मावशीचा डबा द्यायला आलेली. दुसरं कुणी बोललं तरच पुढं काही होणार होतं.

साहेबांनी कागद वाचला, घडी घातली, परत उघडला.

"अजून वेळ आहे," ते मला म्हणाले. "एकदा खरं सांग. तुला कुणी काही करणार नाही."

मायनं माझा दंड मागून घट्ट धरला होता.

"पंधरा," मी म्हणाले.

ते उठले. तांब्यातलं पाणी प्याले. जाताना मायला म्हणाले, "बाई, हा कागद हिला चिकटेल बरं का. जन्मभर." मायला वाटलं, शाप देऊन गेले.

शेड थोड्याच दिवसांत परत चालू झाली. माझ्या शेजारी दुसरी पोरगी आली, उजव्या हाताची. कोपरं लागायची म्हणून आम्ही लांब बसायचो. सकाळची घोकणी चालू राहिली. मी ओठ हलवायचे, आवाज काढायचे नाही. विमान आलं की बाकीच्या वर बघायच्या, मी हातातली रिंग बघायचे. असे पुढचे चार पावसाळे गेले. पत्र्यावर पाऊस आला की आतलं बोलणं बंद व्हायचं आणि त्या आवाजात मी मनात नजमाशी बोलायचे. काय बोलायचे ते आता आठवत नाही. आठवतो तो फक्त आवाज.

मी खरोखर पंधरा वर्षांची झाले तेव्हा कागदावर एकोणीस होते. ज्या दिवशी हे लक्षात आलं त्या दिवशी ब्लेड खाली ठेवलं आणि परत उचललं नाही. वस्तीतल्या अंगणवाडीच्या बाईंनी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसवलं. जन्माचा पुरावा म्हणून मायनं जपून ठेवलेला तोच कागद पुढं केला. तिच्याकडं दुसरा नव्हता. त्यावरून धरलेली जन्मतारीख दहावीच्या सर्टिफिकेटवर गेली, आधारवर गेली, भरतीच्या अर्जावर गेली. पोलीस भरतीत माझ्याबरोबर धावणाऱ्या पोरी दोन-तीन वर्षं आणखी प्रयत्न करू शकत होत्या. माझी ती शेवटची संधी होती. मी धावले तेव्हा मागं कुत्रं लागल्यासारखी धावले. निवृत्तही चार वर्षं आधीच होणार. मला त्याचं वाईट वाटत नाही. पण कधीकधी वाटतं, ती चार वर्षं कुठंतरी असतील. अकरा ते पंधरा. कुणीतरी ती जगायला हवी होती.

नोकरीत लागल्यावर दुसऱ्याच वर्षी औरंगपुऱ्यात बंदोबस्ताला होते. दुपारी एका गल्लीत सावली शोधत गेले तर एका शिलाईच्या दुकानात एक बाई डाव्या हातानं कापड कापत होती. मी उंबऱ्याशी उभी राहिले. तिनं वर पाहिलं, आधी वर्दीकडं, मग तोंडाकडं. कात्री थांबली.

"तू पुलिस हो गई?"

मी मान डोलावली. या भेटीची मनात इतकी वर्षं तयारी केली होती. तिनं स्टूल पुढं सरकवलं, पाणी दिलं. बालगृहात तीन वर्षं होती, म्हणाली. शाळेत गेली. सातवीपर्यंत. शिवणकाम तिथंच शिकली. मग अब्बा घेऊन गेले.

"नजमा, मी त्या दिवशी..."

"मेरेकू मालूम है," ती म्हणाली. कापडाची घडी घालत राहिली. "गुस्सा नहीं है गे. पर तू बी बोलती तो दोनों साथ जाते थे. अकेली कू भोत डर लगा मेरेकू. रातभर तेरा हात ढूंढती थी बाजू में."

एवढंच. मग तिनं माझ्या बाहीची सुटलेली शिवण बघितली आणि अंगावरच टाका घालून दिला.

म्हणून मी धाडीच्या त्या दुपारी शेडच्या दारात थांबले होते. मॅडमनी पुन्हा हाक मारली तेव्हा आत गेले.

यंत्र बंद केलेलं होतं. भिंतीशी सहा बाया आणि एक पोरगी. पोरगी उभी होती, ओढणीचं टोक तोंडात धरून. मॅडमनी फॉर्म काढला. वयानं माझ्याहून लहान, हुशार, नियमाला पक्क्या. "नाव?"

"वैष्णवी."

"वय?"

"सोळा." इतक्या लवकर, इतक्या सुरात. कुणीतरी सकाळी घोकून घेतलं होतं.

मालक पुढं आला. घाम पुसत, हसत. "बघा ना मॅडम, कागद हाय की. आम्ही कायदा पाळतो." प्लास्टिकमध्ये घातलेलं सर्टिफिकेट. शिक्का, सही. मॅडमनी ते वाचलं आणि फॉर्मवर पेन टेकवलं. सोळा वर्षांचं असेल तर वेगळे नियम. तिथून वाट बरीच लांब होते, आणि पोरगी तोपर्यंत तिथंच राहते.

मी वैष्णवीला पाण्याची बाटली दिली. तिनं ओढणी तोंडातून काढली, मान मागं टाकून प्याली. बा मेंढराचं तोंड उघडून दातांवरून वय सांगायचा, सगळ्या मेंढपाळांत त्याचा शब्द शेवटचा असायचा. माणसाचं तसं कळत नाही, मला ठाऊक आहे. पण तिचा सुळा अजून अर्धाच वर आला होता.

"मॅडम, लिहू नका."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मालकाचं हसू गेलं. "ह्या कोण सांगणार?"

मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "ताई, कागद आहे. माझ्या हातात काय आहे?"

"शाळेचा दाखला येईपर्यंत वय तपासायचं बाकी आहे असं लिहा. तेवढं येतं लिहायला. पण सोळा लिहू नका. एकदा लिहिलं की निघत नाही ते."

माझा आवाज चढला होता. शिपायानं अधिकाऱ्याशी असं बोलायचं नसतं. मॅडमनी माझ्याकडं पाहिलं, कागदाकडं पाहिलं, परत माझ्याकडं. मग त्यांनी मी म्हटलं तसं लिहिलं.

गाडीत वैष्णवी माझ्या आणि मॅडमच्या मधे बसली. आकसून, कुणाला अंग लागू न देता. जालना रोडला सिग्नलवर गाडी थांबली तशी ती समोर बघतच म्हणाली, "माझ्या मायला बोलणी बसतील. तुमच्यामुळं."

"व्हय," मी म्हणाले.

"मी सोळाचीच हाय."

मग तिनं तोंड वळवलं. "तुमचं वय किती?"

पुढं ड्रायव्हर होता. पलीकडं मॅडम मोबाईलवर काही लिहीत होत्या. छत्तीस, हे उत्तर माझ्या जिभेवर तयार असतं, झोपेत विचारलं तरी.

"कागदावर छत्तीस," मी म्हणाले. "खरं बत्तीस. अकरा वर्षांची असताना एका साहेबांना पंधरा सांगितलं. अशाच शेडमध्ये. माझी मैत्रीण खरं बोलली, तर मी म्हणाले ती खोटं बोलती."

मॅडमचा अंगठा मोबाईलवर थांबला. सिग्नल सुटला. वैष्णवी खिडकीबाहेर बघायला लागली, ती थेट बालकल्याण समितीच्या दारापर्यंत. उतरताना मॅडम माझ्या कानाशी म्हणाल्या, "हे पुन्हा कुठं बोलू नका ताई. नोकरीचा प्रश्न आहे." मला ते कळत होतं. तरी बरं वाटत होतं, फार वर्षांनी दंड कुणीतरी सोडल्यासारखं.

आत टेबलामागं तिघं बसली होती. वैष्णवीला समोर उभं केलं. मी दारापाशी. मधल्या बाईंनी नाव विचारलं, गाव विचारलं, मग वय.

तिनं मागं वळून माझ्याकडं पाहिलं. मी जागेवरून हलले नाही.

"बारा," ती म्हणाली. मग लगेच, "पण मायला धरू नका."

दोन दिवसांनी तिच्या गावच्या शाळेतून दाखला आला. बाराच. तिला काही दिवस मुलींच्या बालगृहात ठेवलं. तिची माय फाटकाशी मला म्हणाली, "तुमाला लेकरं हायत का? मग काय कळणार!" मी ऐकून घेतलं. मग चौकशी झाली, लेक मायच्या ताब्यात दिली, गारखेड्याच्या एका शाळेत नाव घातलं. माय त्याच भागात घरकाम करते आता. मालकावर गुन्हा दाखल झाला. तारखा पडताहेत.

परवा मी त्या शाळेत गेले. मधली सुट्टी होती. वैष्णवी नळाशी हात धूत होती. मला पाहून ती हसली नाही. हात झटकून जवळ आली, इकडंतिकडं पाहिलं, आणि खालच्या आवाजात म्हणाली, "गौरी तिथं बसती आता. दुसऱ्या शेडमध्ये. त्याच मालकाच्या."

"गौरी कोण?"

"माझी मैत्रीण. धाड पडली त्या दिशी तिला ताप होता, आली नव्हती. काल दिसली मला. हात काळे होते."

"किती वर्षांची?"

"माझ्याबरोबरची." ती थांबली. ओठ चावला. "ती सोळा सांगंल. लई भित्री हाय. तिला एकटीला नेऊ नका."

घंटा झाली. पोरं वर्गाकडं धावली. ती उभीच राहिली. मी मोबाईल काढून मॅडमना लावला. रिंग वाजत राहिली आणि वैष्णवी माझ्या तोंडाकडं बघत राहिली.

"मी येऊ का संगं?" तिनं विचारलं. "मी असले तर खरं बोलंल ती."

"तू वर्गात जा," मी म्हणाले. "तिच्या शेजारी मी बसते."

पलीकडून मॅडमचा आवाज आला, "हां, बोला ताई."